सहाव्या केबिनमधले तीन पेले

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाच्या पाया पडणार नाही. जिच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण कासिल्डा. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय कधीच नव्हती.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे अकरा. आमच्या त्लाश्काला शहरातली खाद्यपदार्थांची प्रयोगशाळा. बाहेर लख्ख ऊन.

आधी तिचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मक्यातलं प्रथिन स्पिरिटमध्ये विरघळवायचं, त्यात लोह घालायचं आणि ते ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. पाणी एकदम दुधाळ होतं. त्यात प्रथिनाचे नॅनोकण तयार झालेले असतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. प्रत्येक कणाच्या पोटात लोह. जिभेला पत्ता लागत नाही, कण पोटात गेल्यावरच फुटतो. हे कण आतोलेत, म्हणजे आमच्या मक्याच्या गोड पेजेत घालून डोंगरातल्या शाळांना द्यायचे होते. तिथल्या पोरांच्या अंगात रक्त कमी. नुसतं लोह घातलं तर पेज गंजक्या खिळ्यासारखी लागते आणि पोरं थुंकून टाकतात.

कण नीट झाले का, हे शेवटी माणसाची जीभच सांगते.

त्यासाठी ओळीने सहा केबिन. प्रत्येकीत एक खुर्ची, रंग कळू नये म्हणून लाल दिवा आणि भिंतीत एक छोटी झडप. आतल्या माणसाने बटण दाबलं की पलीकडे, स्वयंपाकघरात, त्या नंबरचा दिवा लागतो. कासिल्डा झडपेतून तीन पेले सरकवते. दोन सारखे, साध्या पेजेचे; एक वेगळा, लोहाच्या कणांचा. पेल्यांवर फक्त आकडे. वेगळ्या पेल्याच्या आकड्याला कागदावर गोल करायचा. कुणी कुणाचं तोंड पाहत नाही.

सहा नंबरमध्ये इलारिया मावशी बसायची. कासिल्डाची आई.

मावशीने चाळीस वर्षं बाजारात आतोले विकलं. तिची जीभ चुकली असं कुणी ऐकलं नव्हतं. तिथली बिस्किटं तिला कागदासारखी लागत, म्हणून दोन पेल्यांच्या मध्ये ती घरून आणलेला मक्याच्या भाकरीचा वाळका तुकडा चावायची. आणि कागद परत देताना झडपेवर नखाने दोनदा टकटक करून विचारायची, "बरोबर?"

नियमात बसत नव्हतं. पण विचारायचीच.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये शाळांसाठीचा मोठा घाणा चाचणीला लागला. ठरलेल्यापेक्षा जास्त लोकांनी लोहाचा पेला ओळखला तर सगळा बाद. शाळा उघडायच्या होत्या. कासिल्डाचे साहेब, डॉक्टर बाल्तासार, दिवसातून तीनदा येऊन विचारत होते.

मावशी त्या दिवशी शेवटची. तिचा कागद आला आणि ओळखणाऱ्यांचा आकडा ठरलेल्यापेक्षा एकाने वर गेला.

टकटक.

"बरोबर?"

कासिल्डाने कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "चुकलीस, आई."

आणि तिने मावशीचा गोल खोडून दुसऱ्या आकड्याला केला. आईचाच कागद होता, कोण विचारणार?

घाणा पास झाला.

मावशी घरी गेली आणि आरशासमोर जीभ काढून किती तरी वेळ बघत बसली. मी तिथेच होते. मला म्हणाली, "माझी जीभ मेली गं." आठ दिवसांनी तिने आतोलेचं पातेलं शेजारणीला देऊन टाकलं. मग स्वयंपाक सोडला. मग जेवण. डिसेंबरात गेली.

कासिल्डा रडली नाही. दात काढताना सुई मारतात तसं आत बधिर झालंय, एवढंच म्हणाली. चौथ्या दिवशी कामावर गेली.

जानेवारीत डोंगरातल्या एका शिक्षिकेचा निरोप आला. पोरं आतोलेचा एक घोट घेतात आणि बाकीचं झाडाच्या बुंध्याशी ओततात. डॉक्टरांना कारण कळेना. कासिल्डाला कळत होतं. ती गप्प बसली.

आणि मग तो मंगळवार.

त्या दिवशी पाचच जण बोलावले होते. पाचही दिवे लागले, पेले गेले, कागद आले.

आणि सहाचा दिवा लागला...

तिला वाटलं, वायर खराब असेल. पण हातांना सवय असते. तिने तीन पेले भरले आणि झडप उचलून आत सरकवले. झडप पडली.

आतून आवाज आला... काहीतरी वाळकं चावल्याचा.

मग पेला ठेवल्याचा. मग पुन्हा चावल्याचा.

ट्रे परत आला. तिन्ही पेले काठोकाठ भरलेले. थेंबही कमी नाही. कागदावर एका आकड्याला गोल.

उत्तर बरोबर होतं.

टकटक...

पुढचं "बरोबर?" आलं नाही. पण कुणीतरी थांबलं होतं, एवढं तिला कळलं. ती फिरून केबिनच्या दाराशी गेली. आत खुर्ची, लाल उजेड आणि कुणी नाही.

पाच नंबरमधून एवारिस्तोकाका बाहेर पडत होते, आमच्या गल्लीतले म्हातारे बेकरीवाले. तिने तो ट्रे त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकेक घोट घेतला आणि तिच्याकडे बघितलं.

"पोरी, हे कुठून उचललंस? यात ना मका, ना साखर. मेलेल्यांपुढचं ताट उचलल्यावर लागतं, तसं लागतंय."

नोव्हेंबरात मेलेली माणसं घरी येतात म्हणून आम्ही ताट मांडतो, ते उचलताना आमच्याकडे घरोघरी हेच म्हणतात. अन्न दिसायला तसंच राहतं. चव तेवढी मेलेले घेऊन जातात.

काकांनी तोंड पुसलं आणि ते घरी निघाले.

पुढच्या मंगळवारच्या आत वायरमन येऊन सहाचा बल्ब काढून गेला. वायरही तोडली.

अकरा वाजता सहाचा दिवा लागला... बल्ब नसलेल्या जागी.

तेच चावणं. तेच भरलेले पेले. तेच बरोबर उत्तर. टकटक.

कासिल्डाने ट्रे बाजूला ठेवला. सगळे गेल्यावर तिने मेन स्विच पाडला. सहाचा दिवा तसाच. ती म्हणते, भीती वाटायला हवी होती. पण काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

तिसऱ्या मंगळवारी टकटक झाली तेव्हा ती झडपेपाशी वाकली.

"आई, ऑगस्टमध्ये तू बरोबर होतीस. गोल मी बदलला. तुझी जीभ चुकली नव्हती."

आत काहीही हललं नाही.

मग ट्रे बाहेर आला. हळूच. मावशी तसाच द्यायची, सांडू नये म्हणून.

दिवा गेला.

कासिल्डाने एका पेल्यातला घोट घेतला. चव नाही. म्हणजे आई अजून आहे, असं तिला वाटलं. तिने एवारिस्तोकाकांना हाक मारली. त्यांनी भीतभीतच पेला तोंडाला लावला.

"चांगलं आहे की. दालचिनी जरा जास्त झालीय."

तिने दुसऱ्या पेल्यातलं पिऊन पाहिलं. तिसऱ्यातलं. तिला काहीच लागलं नाही.

त्याच दुपारी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, दिव्याचं सोडून. शाळांमधला माल परत आला, नवा घाणा लागला. तिला चाचणीवरून काढलं. आता ती तिथे पेले विसळते. सहाचा दिवा पुन्हा लागला नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. मी मावशीच्या पद्धतीने आतोले केलं, एकाच पातेल्यातून दोघींना वाढलं. तिने दोन-चार घोट घेतले. कसं झालंय विचारलं तर म्हणाली, "छान." तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. अर्धा पेला ठेवून ती निघून गेली.

माझं गोड झालं होतं, अगदी मावशीच्या हातासारखं. अन्न टाकू नये म्हणून मी तिचं उरलेलं तोंडाला लावलं...

त्यात ना मका होता, ना साखर.

तिला मी हे सांगितलेलं नाही. येत्या रविवारी ती पुन्हा येणार आहे.