पांढरी चारमधला टक्

"कुठाय आवाज? मला तर काहीच ऐकू येत नाही," कीबोर्ड कंपनीच्या तक्रार-खिडकीतल्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

मी माझा कीबोर्ड त्यांच्या टेबलावर ठेवून पांढरी चार दाबून धरली होती. ऑर्गनचा सूर कसा गोल, भरलेला... आणि दर दोन सेकंदांनी त्यात एक बारीकसा टक्.

"नीट ऐका ना — आता... आत्ता!"

"एक, दोन, टक्," पाठीमागून कुणीतरी म्हणालं. "एक, दोन, टक्."

मी गर्रकन वळले. एक तरुण उभा होता: हातात चहाचा कप, शर्टाची एक बाही वर, एक खाली, आणि चोरी पकडली गेल्यासारखं हसू. त्यानं चहाचा फुर्र करून घोट घेतला.

"तुम्हाला येतोय ऐकू?" मी विचारलं. माझा आवाज जरा जास्तच आनंदी निघाला.

"येणारच. हा सूर मीच बनवलाय. तीन वर्षं तो टक् कुणी पकडला नाही. म्हटलं, पचला!"

आमच्या घरी मला 'ससा' म्हणतात, या कानांमुळेच. स्थळ बघायला गेलो तर जेवताना मुलाचा जबडा कट् वाजतो म्हणून मी नकार कळवला होता. आईनं कपाळावर हात मारला होता. "एक कान बंद ठेवूनच संसार करायचा असतो गं," असं ती आजही ऐकवते. मी गाणं शिकवते. त्या कीबोर्डवर रोज लांब सूर लावून घेते, आणि हल्ली माझ्या वर्गातल्या सहाही काकू सूर लावताना दर दोन सेकंदांनी उचकी लागल्यासारख्या थांबायला लागल्या होत्या. त्यांना ती गाण्यातली खास जागा वाटायची! तक्रार घेऊन यायचं खरं कारण ते.

त्यानं मला वर त्याच्या कामाच्या खोलीत नेलं. खरा ऑर्गन, पायानं हवा भरायचा, भिंतीशी उभा होता. "सूर किती वेळ धराल ते आम्हाला काय ठाऊक?" तो सांगू लागला. "म्हणून दोन सेकंदांचा तुकडा घ्यायचा, त्याची शेपटी डोक्याला शिवायची आणि गोल फिरवत ठेवायचा. शिवण चुकली की टक्."

"म्हणजे तुम्ही शिंपी."

"आणि तुम्ही उसवणाऱ्या." तो हसला. मग गंभीर झाला. "नव्या कीबोर्डातही हाच सूर जाणार आहे. शनिवारी द्यायचाय. तोपर्यंत रोज तासभर कान उसने द्याल? तुम्ही 'ठीक' म्हटल्याशिवाय पाठवणार नाही."

पडत्या फळाची आज्ञा! मी सोमवारी संध्याकाळी पाचला हजर.

तो पडद्यावर शिवण केसभर पुढे सरकवायचा, केसभर मागे. मी डोळे मिटून बसायचे. "आहे," मी म्हणायचे. "अजून आहे." मधे चहा. त्याचा फुर्र. माझ्याकडे बघता बघता त्याचा हात कळीवरून घसरायचा आणि आम्ही दोघंही उगीचच पडद्याकडे बघायचो.

मंगळवारी सहा वाजता टक् गेला. अगदी स्वच्छ गेला. सूर पाण्यासारखा वाहत होता.

"आता?" त्यानं विचारलं.

ठीक म्हटलं की संपलं. उद्या पाचला कुठं जाणार मी?

"आहे..." मी म्हणाले. "बारीकसा."

आयुष्यात पहिल्यांदा माझे कान खोटं बोलले. बुधवारी बोलले, गुरुवारीही. तोवर त्याच्या साहेबांचे फोन सुरू झाले होते — "झालं का? अजून नाही?" तो प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचा, "बाईंना अजून ऐकू येतोय, सर." आणि मी पदराआड चेहरा लपवावा तशी ओढणी सावरत बसायचे. लाज वाटत होती. तरी खरं बोलवत नव्हतं.

शुक्रवारी तो लंगडत आला.

"पायाला काय झालं?"

"काही नाही. बसा. शेवटचं ऐका."

सूर सुरू झाला. मी डोळे मिटले. इतका सुंदर सूर त्या यंत्रातून मी कधी ऐकला नव्हता. शनिवार उद्यावर आला होता.

"आहे," मी म्हणाले.

"नक्की? किती सेकंदांनी?"

"दोन... अडीच."

मी डोळे उघडले, तर तो हसू दाबत पोटरी चोळत होता.

"बाई, यात शिवण नाहीच. काल तुम्ही गेल्यावर ती पट्टी धरून सलग वीस मिनिटं ऑर्गनला पाय मारत बसलो. त्याचंच रेकॉर्डिंग वाजतंय. पोटरीत गोळे आलेत."

माझं पितळ असं उघडं पडलं! कान तापले. पळून जावं म्हणून उठले, तर ओढणी खुर्चीत अडकली.

"मंगळवारीच गेला होता टक्," मी कशीबशी म्हणाले. "सहा वाजता."

"सहा वाजून दहा मिनिटांनी. मलाही तेव्हाच ऐकू येईनासा झाला."

"मग वीस मिनिटं पाय मारत कशाला बसलात?"

त्यानं ओढणी हळूच सोडवली. हातातच धरून ठेवली.

"खात्री करायची होती... माझे कान गेलेत, की तुम्हाला यायचंय."

सूर अजून वाजतच होता. संपायचं नावच घेत नव्हता.

"यायचंय," मी म्हणाले. "रोज यायचंय. आणि मंगळवारचा सूर ठीक आहे, पाठव उद्या."

सूर शनिवारी गेला. काकूंची उचकी मात्र अजून गेलेली नाही. त्यांना ती आवडते म्हणे.

रविवारी तो घरी चहाला आला. तो गेल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचा चेहरा काळजीनं एवढासा झाला होता.

"ससा, अगं, चहा पिताना केवढा फुरका मारतो तो! तुला ऐकू आला नाही का?"

"आला ना."

"मग? एक कान बंद ठेवलास की काय?"

"छे गं," मी त्याचा कप विसळत म्हणाले. "दोन्ही उघडे होते. तो पुढचा कधी मारतो याचीच वाट बघत होते."