राहिलेले दोन शब्द

भांड्यावर एकदा नाव पडलं की भांडं बोलायला लागतं, असं यावलचा भांडेवाला नूर महंमद दर गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता सांगायचा. मग दाखला यायचाच. दोन सख्खे भाऊ एका परातीपायी कोर्टात गेले, वकिलांनी दोघांचं शेत खाल्लं, आणि शेवटी परात उलटी केली तर बुडाला नाव निघालं त्यांच्या आत्याचं! गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

त्या दिवशीचं काम साधंच होतं. तुरुंगात सुभेदार असलेल्या प्रेमराजच्या मुलीचं, पुनमचं लग्न. पितळी घागर, परात, ताटं, सगळ्यांवर 'पुनम' टाकायचं. सुभेदार ड्युटीवरून परस्पर न्यायला येणार होता. मे महिन्याची दुपार. केळीचे ट्रकसुद्धा सावली धरून उभे. लाइट गेलेली. नूरभाईने ऊन अडवायला शटर अर्धं ओढलं, नाव टाकायचं मशीन घागरीशेजारी ठेवलं आणि लाइटची वाट बघत भिंतीला टेकला.

तेवढ्यात गुणगुण सुरू झाली.

आधी वाटलं, भुंगा असेल. मग वास आला, तापलेल्या पितळेचा, मशीन चालतं तेव्हाच येतो तो. त्याने वर पाहिलं. पंखा बंद. मशीनची वायर बोर्डातून काढलेली, खाली लोंबत होती. आणि सुई मात्र घागरीच्या काठावर फिरत होती. सावकाश. शहाणं मूल पाटीवर गिरवतं तशी.

गुणगुण थांबली. नूरभाईने अक्षरांवरचा पितळी कीस फुंकला.

'स्वप्नील. पडना नई.'

हे शब्द ओळखीचे होते.

गेल्या महिन्यात झुंबरबाई आली होती, केळीच्या पॅकिंगला जाणारी. तिचा स्वप्नील मोटरसायकल चोरीच्या नुसत्या संशयावर आत गेला आणि 'न्हाणीघरात पाय घसरून पडला' म्हणून कापडात गुंडाळून बाहेर आला. प्रेमराजच्याच तुरुंगातून. त्या मरणाची जजसाहेबांपुढची चौकशी आता उद्यावर आली होती. पोराच्या पाठीवरचे वळ तिने स्वतःच्या हातांनी धुतले होते. त्याच्या नावाने पाणपोईला एक तांब्या द्यायचा होता तिला.

"नाव टाक भाऊ. आन् खाले लिख, पडना नई." पोरगं पडलं नाही, हे तिला भांड्यावर लिहून हवं होतं.

नूरभाई बिचकला. त्याचा धंदा जुनं पितळ घ्यायचा. कोण कधी चोरीचा माल म्हणून उचलेल, नेम नसतो. त्याने नुसतं 'कै. स्वप्नील' टाकलं आणि म्हणाला, "जागा नाही अक्का, एवढं मावत नाही."

बाईने तांब्या फिरवून फिरवून पाहिला. नाव सोडून सगळा कोराच होता.

"जागा शे भाऊ," एवढंच बोलून ती गेली.

आता त्याने परात उचलली. तेच शब्द. ताटं उलटी केली. एकेका ताटाखाली तेच.

शटरखालून वाकून प्रेमराज आत आला. अंगावर खाकी.

"झालं का, नूरशेठ?"

नूरभाईने घागर त्याच्याकडे फिरवली. सुभेदाराचे ओठ वाचताना हलले, मग हलायचे थांबले.

"हा काय चावटपणा?"

"मी नाही टाकलं, साहेब. लाइट कुठाय?"

"खोड."

नूरभाईने कानस घेतली. अक्षरं घासली, काठ गुळगुळीत केला. दोघं बघत राहिले. मग घागरीच्या पोटातून गुणगुण आली... आणि अक्षरं पुन्हा वर आली, पहिल्यापेक्षा खोल, कोणी आतून बाहेर कोरत असल्यासारखी.

सुभेदार मटकन स्टुलावर बसला.

"मी बोट लावलं नाही त्याला... आईची शपथ... मारणारे दुसरे होते. तो हाका मारत होता... मी फक्त... दार लावलं."

"मग उद्याच्या चौकशीत एवढंच सांगा, साहेब."

तशी खाकी पुन्हा ताठ झाली. "उद्या जजसाहेबांपुढे सगळे एकच सांगणार. पडला. आणि तू ही भांडी आजच्या आज भट्टीत घालणार. नाहीतर पोलिसात माझी माणसं आहेत. चोरीचं पितळ घेतोस म्हणून आत येशील. अन् आमच्याकडची न्हाणी... फार घसरडी आहे, नूरशेठ."

नूरभाईला तांब्यावरची ती कोरी जागा आठवली, आणि तांब्या फिरवणारे ते केळीच्या चिकाने काळे झालेले हात. त्याने जाऊन शटर धाडकन वर ढकललं. ऊन आत कोसळलं. घागर, परात, ताटं त्याने पायरीवर मांडली, अक्षरं रस्त्याकडे करून.

"ही भांडी विकायची नाहीत आता. तुमची विसार रक्कम घेऊन जा. आणि न्हाणीचं म्हणाल, तर बाजाराला आत्ताच सांगून ठेवतो. नूर महंमद जन्मात कधी घसरला नाही. उद्या घसरला, तर समजून घ्या!"

समोरचा चहावाला कौतिक गाळणी हातात धरून उभा राहिला. दोन-चार दुकानांतून माना बाहेर आल्या.

"कौतिक," नूरभाई ओरडला, "झुंबरबाईला निरोप धाड. म्हणावं, तांब्या घेऊन ये. जागा सापडली!"

सुभेदाराने टोपी घातली, पट्टा सारखा केला आणि तो पायरी उतरला.

तेव्हाच गुणगुण पुन्हा आली. अगदी थोडी. नूरभाईने वळून मशीनकडे पाहिलं. सुई निपचित पडली होती.

मग त्याची नजर उन्हात उभ्या सुभेदाराच्या पोटावर गेली. पट्ट्याच्या पितळी बक्कलवरून बारीक पिवळा कीस खाकीवर गळत होता, आणि बक्कलवर ताजी, चमकणारी अक्षरं होती.

'दार मी लावलं.'

प्रेमराजला त्याचा पत्ता नव्हता. उद्या जजसाहेबांपुढे तो याच पट्ट्यात उभा राहणार होता.

नूरभाईने कपाळाला हात लावून सलाम केला.

"जपून जा, साहेब," तो म्हणाला.