पुलीवरचा लाल ठिपका

"ढकला, अजून थोडं!" अर्णव ओरडला. आजोबांची जुनी फियाट अंगणाच्या फाटकापर्यंत गेली, फटाक्यासारखी दोनदा वाजली आणि बसली ती बसलीच.

भार्गवीने कपाळाला हात लावला. एरवी दिवाळीच्या सुट्टीत हीच गाडी त्यांना न्यायला श्रीरामपूरच्या स्टेशनवर यायची. कुठेही निघताना आजोबा फाटकाशी दोनदा हॉर्न द्यायचे आणि आजी घरातून म्हणायची, "आले, आले, किती ती घाई!" पुढच्या खिडकीच्या काठावरचा रंग तिच्या बांगड्यांनी घासून गेला होता. आजी मागच्या वर्षी गेली. यंदा भार्गवी आणि तिचा धाकटा भाऊ अर्णव एसटीने मुकाट्याने सोनईला आजोबांकडे आले.

"इंजिन बदललं, तरी हिचं रडगाणं चालूच," कल्याणकाका म्हणाला. "संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. देऊन टाकू."

आजोबा रुमालाने गाडीची काच पुसत राहिले.

शेजारच्या गल्लीतली इन्शा, त्यांची सुट्टीतली मैत्रीण, फाटकाला टेकून उभी होती. तिच्याच अब्बांनी, नूरमहंमदचाचांनी, नवं इंजिन बसवलं होतं.

"अब्बा म्हणतात, इंजिनच खराब निघालं," ती हळूच म्हणाली. "मला न्हाई पटत. बसवायच्या आधी त्यांनी चालवून बघितलं हुतं. झकास चालत हुतं. मला तर बसवताना टायमिंग चुकलेलं वाटतंय."

"म्हणजे काय?" अर्णवने विचारलं.

"झोका मागं आला की मगच ढकलतोस ना? आधीच ढकललास तर तुझाच हात मुरगळंल. इंजिनात ठिणगी पन तशी वेळेवर पडावी लागती. ती वेळ लावायला पुढच्या पुलीवर, पट्टा फिरवनाऱ्या चाकावर, एक खाच असती. खाच दिसत न्हाई म्हणून अब्बांनी तिथं माझं नेलपॉलिश लावलं. न विचारता!"

अर्णव मोबाईलचा टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटला. "आहे की. लाल ठिपका."

"लाल? चमकी हाय का त्यात?"

"चमकी कसली? भडक लाल आहे नुसता."

"मग ते माझं न्हाई. माझं डाळिंबी हाय, चमकीवालं."

खरी खूण कुठे तरी ग्रीसखाली दडलेली असणार, हे भार्गवीच्या लक्षात आलं. इन्शाला युक्ती ठाऊक होती. किल्ली काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि जराशी ढकलायची, म्हणजे इंजिन थोडं थोडं फिरतं.

"हे काय खेळणं आहे का?" काका वैतागला.

"करू दे त्यांना," आजोबा म्हणाले.

मुली ढकलायच्या आणि थांबायच्या. मग अर्णव रॉकेलच्या फडक्याने पुली पुसायचा. बरीच दमछाक झाल्यावर खालून त्याचा आवाज आला, "चमकतंय! इथे चमकतंय!"

इन्शा पळत जाऊन अब्बांना घेऊन आली. नूरमहंमदचाचांनी चष्मा चढवला, दोन्ही ठिपके पाहिले आणि जीभ चावली. "घाईत बिनचष्म्याचं टायमिंग लावलं मी. लाल दिसलं, तीच खूण समजलो." त्यांनी खऱ्या खुणेवर टायमिंग लावलं. आजोबांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. दारात आलेला टेम्पो काकाने हात जोडून परत पाठवला.

"पण दुसरा ठिपका लावला कुणी?" भार्गवीने विचारलं.

आजोबांनी घसा खाकरला. "खंडेनवमीला इंजिन नूरमहंमदच्या गॅरेजमध्ये टांगलेलं होतं. तुझी आजी दरवर्षी गाडीला तेलात कालवून कुंकू लावायची. यंदा मी लावून आलो. आता इंजिनाचं कपाळ कुठलं, मला काय ठाऊक?"

आधी आजोबाच हसले आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं.

"पंत, पुढच्या वर्षी बॉनेटवर लावा," चाचा आजोबांना म्हणाले. "आतलं माझ्यावर सोडा. आणि पोरांनो, चुकलो मी. तुमी गाडी वाचवली."

"शाब्बास रे," काकाही ओशाळून म्हणाला. "मी तर हिला घालवूनच बसलो होतो."

"चला, एक चक्कर मारू," आजोबा म्हणाले. इन्शा आणि अर्णव मागे बसले, भार्गवी पाणी प्यायला आत गेली. गाडी फाटकाशी आली आणि सवयीने आजोबांनी दोनदा हॉर्न दिला. मग त्यांचा हात तिथेच थांबला. घरातून आता कोण उत्तर देणार, हे त्यांना आठवलं असावं.

"आले, आले, किती ती घाई!" म्हणत भार्गवी धावत आली. पुढच्या सीटवर बसून तिने रंग गेलेल्या काठावर हात ठेवला. आजोबांनी डोळे पुसले आणि गाडी रस्त्याला घेतली.