गच्चीने थांबवलेली क्रेन

तो लाँड्रीच्या दारात आला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि त्याच्या हातात धुवायचं काहीच नव्हतं. आत्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वर गच्चीवर कोण होतं?" त्याने विचारलं.

आत हौदाशी आत्याच्या भाचीची चादरी पिळायची घाई चालली होती. ती ओल्या हातांनीच बाहेर आली. "मीच होते. का, खाली काही पडलं का?"

"पडलं नाही… थांबलं."

"काय थांबलं?"

"क्रेन."

माणूस उंच होता, त्यातही सगळी उंची पायांत आणि मानेत गेलेली. बंदरात त्याला सगळे बगळा म्हणतात, हे तिला पुढे कळलं. पण त्या दुपारीही तिच्या मनात दुसरं कुठलं पाखरू आलं नाही. अंगावर बंदराचा निळा गणवेश, छातीवर बिल्ला आणि हातात चार घड्या घातलेला कागद.

कागद म्हणजे खुलासा होता. मंगळवारी सकाळी कोळशाचं जहाज रिकामं करणारी क्रेन अकरा मिनिटं उभी का राहिली, याचं उत्तर सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी हवं होतं. उत्तर असं, की क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या या माणसाला समोरच्या वस्तीतल्या एका गच्चीवर दोन हात आडवे पसरून कोणीतरी जोरजोरात हलवताना दिसलं. बंदरात त्या खुणेचा अर्थ एकच असतो : ताबडतोब थांबा.

"मी चादर झटकत होते," ती म्हणाली.

"ते मला अकराव्या मिनिटाला कळलं."

"अहो, पण मी तुमच्या बंदरातली नाही. माझं कशाला ऐकायचं?"

"बाकीच्या खुणा फक्त सिग्नलमनच्या ऐकायच्या असतात. थांबण्याची खूण मात्र कोणीही केली तरी ऐकायची. तसा नियमच आहे. साहेब असोत, नाहीतर रस्त्यावरून जाणारा माणूस असो."

"नाहीतर लाँड्रीवाली."

"मी तसं म्हणणार नव्हतो."

"पण मनात आलं होतं."

तो हसला नाही. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. त्याला फक्त तिची सही हवी होती, की त्या वेळी ती तिथे होती आणि चादर झटकत होती. तिने हात पुसून कागद वाचला. सहाव्या रकान्यात प्रश्न होता : आपले लक्ष त्या दिशेला का होते? पुढे कोरं.

"हे राहिलंय," ती म्हणाली.

"हो… तिथे काय लिहावं ते सुचत नाहीये."

"लिहा, की वारा बघत होतो. वाळत घातलेल्या कपड्यांवरून वारा कळतो."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग इस्त्रीच्या टेबलावर वाकून, आत्याच्या नजरेखाली, त्याने तेच लिहिलं.

"सही करते," ती म्हणाली, "पण आधी वर चला. तुम्हाला एक दाखवायचंय."

गच्चीवर सहा दोऱ्या होत्या. सगळ्यांवर पांढरं. प्रसूतिगृहाच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि तिसऱ्या दोरीवर बाळांची दुपटी. खाडीवरून येणारा वारा त्यांच्यात शिरत होता, सगळी गच्ची हळूच फुगत होती आणि पुन्हा श्वास सोडल्यासारखी खाली बसत होती. त्या पांढऱ्या पडद्यांमधून ती पुढे चालली होती. कधी दिसायची, कधी नुसती सावली दिसायची. तो वाकून वाकून तिच्या मागे चालला. केबिनमधून हे सगळं हाताच्या पंज्याएवढं दिसायचं. आत आल्यावर कळलं की याला साबणाचा वास आहे, आवाज आहे आणि वाटाही आहेत.

"बोट फिरवा," ती एका दुपट्याकडे बघत म्हणाली.

त्याने बोट फिरवलं. बोटाचं टोक काळं झालं.

"हे धुऊन दोन तास झालेत. आता पुन्हा धुवायचं. दोनदा धुतलं की पांढरं राखाडी होतं. मग नीळ घाला, उकळा, काही करा. प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंनी लेखी कळवलंय, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर काम दुसरीकडे. हे काम गेलं तर आमच्याकडे फक्त चार घरांच्या पँटी उरतात. आत्याने सव्वीस वर्षं चालवलेली लाँड्री आहे ही."

त्याने ते बोट पुसलं नाही, तसंच धरून उभा राहिला. तिने सही केली. तो गेला.

पुढच्या सोमवारी तो आला तो एक शर्ट घेऊन. बुधवारी पँट घेऊन. शुक्रवारी रुमाल.

"एका गणवेशाचे तीन हप्ते," आत्या म्हणाली. "पुढच्या वेळी काय, बटण?"

"जोड मोजे आहेत," तो गंभीरपणे म्हणाला.

"दोन्ही एकदम आणू नका हो. उगाच एक फेरी वाया जायची."

ती तोंड फिरवून हसली, पण त्याने ते पाहिलं. दोन आठवड्यांत असं झालं, की साडेबाराच्या सुमाराला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, तिचा हात केसांकडे जायचा आणि ती स्वतःवरच चिडून तो पुन्हा पाण्यात घालायची.

एका दुपारी तिने त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. काही तारखांवर टिंब होतं, काहींवर नव्हतं.

"टिंब म्हणजे धूळ. ज्या दिवशी तुमची सकाळपाळी असते त्या दिवशी टिंब नाही. सात दिवस झाले बघतेय. वारा तोच, जहाज तेच. असं कसं?"

त्याने हातातले मोजे उलगडले, पुन्हा गुंडाळले.

"क्रेनला एक लोखंडी पंजा असतो," तो अखेर म्हणाला. "जहाजातला कोळसा उचलायचा आणि खाली मोठं नरसाळं असतं, त्यात सोडायचा. उंचावरून पंजा उघडला की काम पटकन होतं, पण धूळ उठते. तोच खाली, नरसाळ्याच्या तोंडाशी नेऊन उघडला तर… नाही उठत फारशी. एका खेपेला वीस सेकंद जास्त लागतात."

"आणि तुम्ही खाली नेता."

"वारा इकडे असेल तेव्हा."

"कधीपासून?"

"ते दुपटं पाहिल्यापासून."

रोज कॅलेंडरकडे बघून तिने वाऱ्याचे आभार मानले होते. वारा हा असा, मोजे हातात धरून समोर बसलेला असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"मुकादम विचारत नाही?"

"विचारतो. म्हणतो, बगळ्या, मासा शोधतोस का खाली?" मग तो थोडा पुढे झुकला. "पण मी तीन पाळ्यांपैकी एक पाळी आहे. माझ्याने तुमची लाँड्री वाचणार नाही. बंदराचा नियम व्हायला हवा. गुरुवारी शेजारसभा आहे. तिथे हे सांगा. वीस सेकंदांचं."

बंदराचा सामाजिक जबाबदारी विभाग दर तीन महिन्यांनी वस्तीसाठी ही सभा घ्यायचा. ती म्हणाली, "पंजा कुठे उघडतात हे मला कसं कळलं, असं विचारतील."

"विचारू दे."

"आतलं काम बाहेर सांगायची तुम्हाला मनाई आहे. आणि तुमच्या नावावर एक खुलासा आधीच आहे. माझ्या कृपेने."

"काढलं तर काढलं. क्रेन काय, कुठल्याही बंदरात असतात."

"अस्सं," ती म्हणाली. "गच्च्यापण सगळ्या गावांत असतात. मग तिथल्याच बघा."

तो मोजे तिथेच विसरून गेला.

गुरुवारी शाळेचं सभागृह निम्मं भरलं होतं. पुढे वस्ती, मागच्या दोन रांगांत पाळी संपवून आलेले कामगार. विभागाच्या अधिकारीबाई मनापासून बोलणाऱ्या होत्या. दोनशे रोपं लावली, डोळे तपासणी झाली, बसथांब्यावर बाक टाकले. शेजारी बसलेले बंदराचे इंजिनिअर मधून मधून घड्याळ बघत होते.

"कोणाला काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

ती उभी राहिली. चादरींचं सांगितलं, मेट्रनबाईंच्या पत्राचं सांगितलं, एक दुपटं बरोबर आणलं होतं ते उलगडून दाखवलं.

"धूळ रस्त्याचीही असते," इंजिनिअर म्हणाले. "आणि ती रोपं वाढली की फरक पडेल."

"रोपं वाढेपर्यंत बाळांची लग्नं होतील," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. सभागृह हसलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिलाच विचारलं, "तुम्हाला काही उपाय दिसतो का? खरंच विचारतेय."

उपाय तिच्या जिभेवर होता. एका वाक्याचा. तिने मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत सगळ्यांच्या वर निघालेली ती मान… तो तिच्याकडेच बघत होता आणि डोळ्यांनी म्हणत होता, बोल. तिच्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षांची लाँड्री आली, आत्याचे दुखरे खांदे आले. आणि या सगळ्याच्या आड ती मान येऊन उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "उपाय तुम्ही शोधा." आणि खाली बसली.

मग मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ती धूळ मी पाडतो," तो म्हणाला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. त्याने पंज्याचं सांगितलं, उंचीचं सांगितलं, वीस सेकंदांचं सांगितलं. बोलताना तो अडखळत होता, आकडे मात्र चुकत नव्हता. "वारा वस्तीकडे असेल तेवढ्याच वेळात पंजा खाली नेला, तर एका जहाजामागे तीन तास जास्त लागतील. मी करून बघितलंय."

"कोणाच्या परवानगीने?" इंजिनिअरांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही."

"आणि एवढ्या लांबून त्या गच्चीवर फरक पडला हे तुम्हाला कसं कळलं?"

"समोरच आहे ती… पाळीचे आठ तास," तो म्हणाला. "सहा दोऱ्या आहेत. दुपटी तिसऱ्या दोरीवर असतात. बाई आधी चादरी घालतात, दुपटी सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांना कमी वेळ धूळ लागावी. बाहेरच्या जिन्याने वर येताना त्या तिसऱ्या पायरीवर थांबतात, टोपली दुसऱ्या कमरेवर घेतात."

सभागृहातल्या सगळ्या माना त्याच्याकडून तिच्याकडे वळल्या. आपण काय बोलून गेलो हे त्याला उशिरा कळलं आणि तो तसाच उभा राहिला, कारण बसायचं त्याला सुचलंच नाही. ती मांडीवरच्या दुपट्याच्या घड्या घालत होती. मोडत होती, पुन्हा घालत होती. आत्याने तिच्या कानाशी फक्त एवढंच म्हटलं, "मोज्यांचा खुलासा झाला."

अधिकारीबाईंनी वहीत लिहून घेतलं. सगळंच लिहिलं की फक्त आकडे, कोण जाणे. शेवटी त्यांनी त्याचा बिल्ला क्रमांक विचारला.

शुक्रवारी क्रेनच्या केबिनमध्ये दुसरं कोणीतरी होतं, बुटकं आणि रुंद. शनिवारीही तेच. कॅलेंडरवर टिंबं पडली. मंगळवारी ती धूळ बघायलाही वर गेली नाही. बुधवारी गेली आणि सगळ्या दोऱ्यांवरून बोट फिरवत आली, बोट स्वच्छ. गुरुवारी स्वच्छ. मग बंदराच्या दरवाज्यावर सूचना लागली : वारा वस्तीच्या दिशेने असताना पंजा नरसाळ्याच्या तोंडाशी आणूनच उघडावा, तिन्ही पाळ्यांना लागू. महिन्याच्या शेवटी मेट्रनबाई आल्या, चादरी उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडेच."

आत्या त्या दिवशी इस्त्री करताना गुणगुणत होती. ती मात्र साडेबारा वाजले की दाराकडे पाठ करून काम करायची. लाँड्री राहिली, माणूस गेला. हिशोब तिला पटत नव्हता.

तो आला रविवारी दुपारी. आत्याने त्याला बघितलं, जिन्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा इस्त्रीला लागली.

ती गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. पलीकडून पायांचा आवाज आला, कापडाखाली लांबलचक पाय दिसले. तिने हातातली चादर छातीशी धरली.

"कामावरून काढलं?" तिने विचारलं.

"चार दिवस घरी बसवलं. आतलं बाहेर सांगितलं म्हणून. मग सभेतल्या त्या अधिकारीबाई दोनदा वर जाऊन भांडल्या म्हणे. आता बाकीच्यांना पंजा खाली कसा आणायचा ते शिकवायला दिलंय… पलीकडच्या टोकाच्या धक्क्यावर."

"मग इतके दिवस?"

"काय तोंडाने येणार होतो. सगळ्या सभेत तुमच्या पायऱ्या मोजल्या मी."

"तिसरी नाही, चौथी पायरी आहे ती," ती म्हणाली. "एवढ्या लांबून चूक व्हायचीच. तिकडून काय दिसतं, पलीकडच्या धक्क्यावरून?"

"समुद्र."

"छान की."

"नुसताच समुद्र."

ती त्याच्या हातात चादरीची दोन टोकं देऊन मागे सरकली. मोठी चादर एकट्याने नीट घडी होत नाही. दोघांनी ती ताणली, मधोमध दुमडली, मग ती टोकं जुळवायला पुढे आली. तिची बोटं त्याच्या बोटांवरून टोकं काढून घेताना जराशी थांबली. तिने खाली वाकून दुमड उचलली, पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. दर घडीला अंतर निम्मं होत होतं. उन्हाची ऊब कापडात अजून होती. शेवटी दोघांच्या मध्ये एका चादरीची जाडी तेवढी उरली आणि ती कोणीच खाली ठेवेना.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"मग विचार ना."

"मला तुझ्याशी रोज बोलायचंय. धुळीचं नाही, कामाचं नाही… साधंच. आज कोण काय म्हणालं, कोण कोणावर चिडलं. म्हातारे होईपर्यंत. चालेल?"

तिने चादर त्याच्या हातून घेतली, गठ्ठ्यावर ठेवली, वरून एकदा तळवा फिरवला. मग दोरीवरची पुढची ओढली आणि तिची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"अजून एकोणचाळीस आहेत," ती म्हणाली. "सुरू कर. आज कोण काय म्हणालं?"