पाखरांचा लाडका

एप्रिल लागला तशी तोरबोर्ग नेहमीप्रमाणे पाखरांची घरं साफ करायला लागली. गेल्या वर्षीचं कुजकं शेवाळ उपसायचं, सरकलेले दगड परत बसवायचे आणि हिवाळाभर वाऱ्यावर वाळवलेलं समुद्राचं शेवाळ हाताने चुरून आत अंथरायचं. नॉर्वेच्या त्या लहानशा बेटावर तिच्या घराण्यात हेच काम चालत आलं होतं. मे महिन्यात एडर बदकं समुद्रातून चालत वर येत, या बुटक्या घरांत शिरून अंडी घालत आणि स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून अंड्यांभोवती रचत. पिल्लांना घेऊन ती पाण्यात परतली की मागे राहिलेली लव माणसांची. तिच्या दुलया होत. काम कंबर मोडणारं होतं आणि ते करताना कोणी बघायला येत नसे, म्हणूनच ते तोरबोर्गच्या वाट्याला आलं होतं.

बघण्यासारखं जे होतं ते भावाचं. आयलर्ट शहरात राहायचा. पाखरं यायच्या सुमाराला निळं जाकीट घालून बोटीतून उतरायचा, घरांमधून दोन फेऱ्या मारायचा, आणि बदकं मानसुद्धा न हलवता बसून राहायची. तीच बदकं तोरबोर्गचा करडा कोट दिसला की चुळबुळायची. आई दारात उभी राहून डोळे पुसायची. “पाखरांनाही माणूस कळतो,” असं म्हणताना ती लेकीकडे बघायलाही विसरायची नाही.

तोरबोर्गला हसू यायचं. पाखरांना माणूस कळत नाही, कपडा कळतो. म्हणून तर राखणाऱ्याने हंगामभर एकच कपडा घालायचा अशी बेटावरची रीत होती. पाखरं आली की त्यांना पहिलं दिसायचं ते आयलर्टचं जाकीट, दर मे महिन्यात तेच, आणि आई त्याला दुसरं घेऊ द्यायची नाही. कपडा बदलला की माणूस परका. परका दिसला की बदक आधी मान ताठ करून निश्चल होतं, मग उठतं, आणि उठलं की अंडी गार पडतात. बेटावरच्या पोरांना हे बोलायला यायच्या आधी शिकवलं जातं: बसलेल्याला उठवायचं नाही. चुकून कोणी परका आलाच, तर त्याने वाकायचं आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकायचं.

आयलर्ट ऑक्टोबरमध्ये घरी आला असताना बुडाला. रेडिओवर वादळाची सूचना चालू असताना मित्राकडे बिअर प्यायला म्हणून त्याने होडी काढली. इतका शहाणा. होडी सापडली, होडीत जाकीट सापडलं, तो सापडला नाही. पाद्री म्हणाले, बेटावरचा उजेड गेला. शेजारच्या बायका केक घेऊन आल्या आणि तोरबोर्गकडे बघून म्हणाल्या, “आता काय, तूच.” जत्रेत शेवटी उरलेल्या खेळण्याकडे बघतात तसं बघून म्हणाल्या. आई हिवाळाभर खिडकीशी बसून राहिली. जेवण जवळजवळ सोडलंच तिने. जेवलीच तर आयलर्टची आठवण काढायची: तो माशाचे काटे ताटाच्या कडेने ओळीत कसे मांडायचा, किती नीटनेटका होता. आयुष्यात स्वतःचा पलंग न आवरलेला माणूस, आणि नीटनेटका. बाबा मान डोलवायचे. त्यांनी जन्मात कोणाची बाजू घेतली नव्हती, म्हणजे कायम आईचीच घेतली होती.

मे आला. पाखरं आली, पण पाण्यातच थांबली. रोज सकाळी किनाऱ्यापाशी तरंगत बेटाकडे बघायची आणि कोणी वर यायचं नाही. एक हंगाम चुकला की ती दुसरं बेट धरतात, मग परत येत नाहीत.  तोरबोर्गला हे बेट हवं होतं. आणि त्याहूनही हवं होतं ते म्हणजे आईने एकदा, फक्त एकदा, दारात उभं राहून म्हणावं की ही माझी पोर. चाळिशीला आलेल्या बाईने असली आशा धरावी याची तिलाच किळस यायची.

“ती त्याची वाट बघतायत,” आई म्हणाली. “त्याचं जाकीट घाल.”

“मी काय खुंटी आहे जाकीट अडकवायला?”

“खुंटी निदान उलट बोलत नाही.”

“घाल गं,” बाबा म्हणाले. “एका हंगामाचा तर प्रश्न. घरात जरा बरं वाटेल सगळ्यांना.”

तिने घातलं. ऑक्टोबरपासून चुलीशेजारी टांगलेलं जाकीट आतून ओलं लागलं. आयलर्ट तिच्याहून डोकंभर उंच होता, तरी बाह्या बरोबर तिच्या मनगटापाशी थांबल्या. ती अंगणात गेली तशी पाखरं पाण्यातून निघाली आणि डुलत डुलत एकामागून एक वर आली.

सगळी घरं भरली. होडीघरामागचं पडकं घरसुद्धा भरलं, जे तिने साफही केलं नव्हतं. तिने वाकून पाहिलं. आत ताजं शेवाळ होतं, न चुरलेलं, एका कोपऱ्यात ढीग करून टाकलेलं. बेटावर असलं गबाळं काम एकाच माणसाचं असायचं, आणि तो ऑक्टोबरमध्ये बुडाला होता.

पाखरं तिच्याकडे बघत. नीट तिच्याकडे नाही, तिच्या डोक्याच्या वीतभर वर.

घराला मात्र खरंच बरं वाटायला लागलं. आई जेवू लागली, वॅफल करू लागली, भांडी घासताना गुणगुणू लागली. “जाकीट राहू दे अंगावर, हंगाम आहे,” असं ती जेवतानाही म्हणायची. एक दिवस कॉफी ओतताना ती म्हणाली, “अजून घे ना, राजा.” तोरबोर्गला कोणी कधी राजा म्हटलं नव्हतं, राणीही नाही. तिने रागवायला हवं होतं. त्याऐवजी ती पोट फुटेस्तोवर वॅफल खात बसली आणि आई कौतुकाने बघत राहिली. इतकं सोपं होतं तर. एवढ्याशा कापडाचा प्रश्न होता. तिला पाखरांइतकीच आईचीही कीव आली, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती हाक ऐकायला ती वेळेआधी जेवायला आली.

असेच काही आठवडे गेले. एकदा मासा खाऊन झाल्यावर तिने ताटाकडे पाहिलं. कडेने काटे मांडलेले होते, ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत.

“बाबा, हे मी मांडले?”

बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “खाऊन घे,” ते म्हणाले. खायला काही उरलं नव्हतं.

जुलैमध्ये शेवटची बदकं पिल्लांसह निघाली. हंगाम संपला. तोरबोर्गने जाकीट काढून होडीघरात खिळ्याला टांगलं. त्यातून पाणी गळायला लागलं. तिने आपला करडा कोट चढवला आणि तिला हायसं वाटलं. किनाऱ्यावर एक बदक पिल्लं घेऊन थांबलं होतं. कालपर्यंत ते तिच्या बुटांवरून चालत जायचं. आज तिला बघताच फडफडत पाण्यात पळालं.

“मूर्ख कुठलं,” ती मोठ्याने म्हणाली.

दुपारभर तिने घराघरांतून लव गोळा केली. पोती खांद्यावर टाकून ती परतली तेव्हा ऊन लख्ख होतं आणि घरातून उकडलेल्या माशाचा वास येत होता. आज आईला पोती दाखवायची, असं तिच्या मनात होतं. इतकी लव या बेटाने कधी दिली नव्हती. करड्या कोटात, स्वतःच्या नावाने दाखवायची.

खिडकीपाशी ती थांबली.

आई आपल्या जागेवर होती, बाबा आपल्या. तिसऱ्या खुर्चीची पाठ खिडकीकडे होती. खुर्चीत निळं जाकीट होतं. त्यात कोणी आहे की नाही ते दिसत नव्हतं. खांदे भरलेले होते.

खुर्चीखाली पाण्याचं थारोळं होतं.

आई बटाट्यावर लोणी घालत होती आणि हसून काहीतरी सांगत होती. समोरच्या ताटात काटे कडेने मांडलेले होते.

मग आईने वर पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर तोरबोर्गने सोसला असता, त्याची तिला सवय होती. आईची मान फक्त ताठ झाली आणि ती निश्चल बसून राहिली. ही नजर तोरबोर्गच्या ओळखीची होती.

“आई, मी आहे,” ती काचेपाशी हळूच म्हणाली.

आईने निळ्या बाहीवर हात ठेवला.

तोरबोर्गने पोती खाली ठेवली. मग लहानपणी शिकवलं होतं तसं ती वाकली आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकू लागली.

बाबा पायमोज्यांनीच दाराशी आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दार ओढून त्यांनी कडी अगदी अलगद लावली, आवाज होऊ न देता. बसलेल्याला उठवायचं नाही.