माहिती मिळाली, सही, शेरा

रिकामं ताट हातात घेऊन ती तळघराचा जिना उतरत होती, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. आज त्या आचाऱ्याची काही खैर नाही.

वॉर्डातली सिस्टर होती ती. सात वर्षांच्या नोकरीत तिचा एकही रुग्ण ऑपरेशनच्या दारातून परत आला नव्हता. आज आला. चौदा नंबरचे आजोबा. तीन आठवडे थांबून हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली, आणि ती ड्युटीवर यायच्या आधीच त्यांच्यापुढे उकडलेलं अंडं, पाव आणि दूध हजर. आजोबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. भरल्या पोटी भूल देता येत नाही, म्हणून ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. "अंडं मात्र बरोब्बर उकडलं होतं," असं आजोबा वर म्हणाले, तेव्हा तर तिचं डोकंच फिरलं.

खाली वाफेचा ढग होता, आणि ढगात एक उंच माणूस मान खाली घालून कांदे चिरत होता. तिनं ताट ओट्यावर आपटलं.

"चौदा नंबरला अंडं कोणी पाठवलं?"

"मी. का, कच्चं राहिलं?"

"त्यांना उपाशी ठेवायचं होतं. मी काल संध्याकाळी कळवलंय. बासष्ट जणांनी वाचलंय."

त्यानं मान वर केली. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिचा आवाज क्षणभर अडखळला...

"आता रडून काय उपयोग," ती म्हणाली, पण जरा हळू.

"हे कांद्याचं आहे, सिस्टर. तुमचं बोलणं अजून लागायचंय." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "कोणते बासष्ट जण?"

तिनं फोन पुढे केला. ऑफिसनं तीन दिवसांपूर्वी नव्या अ‍ॅपवर काढलेला ग्रुप. नाव, 'सर्व विभाग'. तो करंगळीनं नावं सरकवू लागला. बाकीची बोटं कांद्याची होती.

"वाहनतळ आहे... बाग आहे... दारातल्या कारंज्याची देखभाल करणारासुद्धा आहे." तो थांबला. "किचन कुठंय?"

तिनं दोनदा पाहिलं. किचन नव्हतं. लिफ्टशेजारच्या पाटीवरून कुणीतरी विभागांची यादी उतरवली होती, आणि लिफ्ट काही तळघरात येत नव्हती. तीनशे माणसांना दोन वेळा जेवू घालणारा विभाग पाटीवर नाही, म्हणून जगात नाही.

"मग तीन दिवस तुम्हाला कुणी काहीच कळवलं नाही?"

"एक तारखेला परिपत्रक आलं. यापुढे फोन नको, चिठ्ठी नको, सगळं ग्रुपवर. त्यानंतर कुणीच उपाशी राहीना. मला वाटलं, बरे दिवस आले."

तिला हसू येत होतं, पण रागानं ते वाटेतच अडवलं.

दुपारी तिच्या नावानं व्यवस्थापकांचं पत्र आलं. 'तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.' तेही ग्रुपवर, बासष्ट जणांसमोर. वीस-पंचवीस जणांनी त्यावर अंगठाही दाखवला. महिनाअखेर वॉर्डप्रमुखाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. फायलीत ठपका बसला की ती जागा गेली. ती तशीच वर गेली.

"सर, किचन ग्रुपमध्येच नाही."

"ते बघणं पाठवणाऱ्याचं काम, सिस्टर. नुसता मेसेज टाकला म्हणजे कळवलं असं होत नाही."

घरी आल्यावर तिनं आत्याला सगळं सांगितलं. आत्यानं त्याच इस्पितळात तीस वर्षं टेलिफोनचा बोर्ड सांभाळला होता.

"आमच्या वेळी वही फिरायची," आत्या म्हणाली. "एका रकान्यात सूचना, मग 'माहिती मिळाली', मग सही, मग शेरा. सही झाली नाही तोवर वही त्याच्या टेबलावरून हलायची नाही. कुणाची हिंमत होती म्हणायची, की मला कळलं नाही?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं शंभर पानी वही आखली आणि स्वतः तळघरात नेली. तिनं लिहिलं, 'सात नंबर, उपाशी.' त्यानं सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'कळलं. आज कांदे नाहीत. रडलो तर कारण तुम्ही.'

"शेरा कामापुरता लिहायचा," ती म्हणाली.

"कामापुरताच आहे."

तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, 'नऊ आणि अकरा, फक्त पातळ.' शेरा आला, 'कळलं. सिस्टर स्वतः कधी जेवतात, ते कुणी कळवलेलं नाही.' वहीबरोबर झाकलेलं ताट होतं. ती रागानं म्हणाली की हे नियमात बसत नाही, आणि तिथंच स्टुलावर बसून सगळं जेवली. तो तिकडे पाठ करून पातेलं ढवळत राहिला... पातेलं रिकामं होतं, हे तिला उठताना दिसलं.

खुलासा तिनं दिला, पण चौकशी लांबत गेली. मग एका सकाळी तिला कळलं, की आचारी चार मजले चढून, ॲप्रनसकट, व्यवस्थापकांकडे गेला होता. त्यानं लिहून दिलं होतं, की सूचना किचनला मिळाली नाही, कारण ऑफिसनं किचनला ग्रुपमध्ये घेतलंच नाही.

ती तीरासारखी खाली आली.

"तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना? कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"व्यवस्थापकांनीच. म्हणाले, गप्प राहिलास तर कंत्राट वाढेल. मग मला गप्प बसवेना."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर दुसरीकडे कांदे चिरीन. पण चूक त्यांची आणि ठपका तुम्हाला... ते मला गिळवलं नसतं."

सात वर्षांत तिच्या वतीनं रागावणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

त्यानं कागदाची सही-शिक्क्याची पोच घेतली होती, त्यामुळे तो दडपता येण्यासारखा नव्हता. पंधराव्या दिवशी ग्रुपवर दोन ओळी आल्या. 'सदर पत्र गैरसमजातून दिले गेले. किचनचा समावेश करण्यात आला आहे. वह्या वापरू नयेत.' माफीचा शब्द नाही. त्याचं कंत्राटही वाढलं, कारण तीनशे माणसांना दुसरं कोण जेवू घालणार?

ती वही घेऊन खाली गेली, धुमसतच.

"चारचौघांत झापायचं आणि दोन ओळींत मिटवायचं. वर म्हणे वही बंद."

"आता मी त्रेसष्टावा," तो म्हणाला. "तुम्हाला जिना उतरायला नको."

"तुम्हाला नको असेल, तर नाही उतरणार."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

"मला एक कळवायचंय, सिस्टर. पण ते त्रेसष्ट जणांना कळवण्यासारखं नाही."

"लिहा मग." तिनं वही सरकवली. "तोंडी सूचना चालत नाही."

त्यानं लिहिलं. वाफेनं पान दमट झालं होतं, शाई जरा पसरली. 'सिस्टर आवडतात. ताट आपटलं त्या दिवसापासून.'

तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. 'माहिती मिळाली' समोर सावकाश सही केली. मग शेऱ्याच्या रकान्यात भराभर लिहिलं आणि वही त्याच्याकडे ढकलून, मागं न बघता जिना चढून गेली.

'कळवायला पंधरा दिवस? विलंबाबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.'

खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. चार पानं, पाठपोट. आत्यानं चष्मा लावून हात पुढे केला, पण तिनं वही काही दिली नाही.