गलक्यातली हाक

श्रेयाचे कान ठणठणीत होते. पण वर्गात गलका झाला की बाईंचे शब्द तिच्यापर्यंत पोचेस्तोवर विरघळून जायचे. म्हणून मोनाली लेकीला वाळूजहून शहरातल्या छावणी भागात अमृता मॅडमकडं आणायची, ऐकण्याच्या सरावाला. हेडफोनमधून बाजाराचा कलकलाट यायचा, त्यात एक बाई शब्द सांगायची. श्रेयानं तेवढेच वेचून म्हणायचे.

त्या दुपारी पोर मन लावून म्हणत होती.

"पेरू... घागर... चिमणी..." मग थांबली, गोड हसली. "चिमे, जेवलीस का गं?"

मोनालीच्या हातातली बाटली निसटली. श्रेयाला चिमे म्हणणारा माणूस एकच. तिचा बाप, सोमनाथ. गेल्या वर्षी पैठणला धरणाच्या पाण्यात बुडाला, तो सापडलाच नाही.

अमृता मॅडमनी ध्वनिफीत पुन्हा ऐकली. "ताई, यात असं काही नाही. आज इथंच थांबू."

मोनालीनंही हेडफोन कानांशी घट्ट दाबले. नुसता बाजार.

घरी तिला राहवेना. कूलर घरघरत होता. लेकीला त्याच्यासमोर बसवून ती म्हणाली, "यात येतंय का, बघ बरं."

श्रेयानं डोळे मिटले. "व्हय... पप्पाच हायेत."

मग रोज दुपारी तेच. छावणीला जाणं सुटलं, मॅडमचे फोन वाजून वाजून यायचे थांबले.

"विचार, थंडी वाजते का?"

"लई, म्हणतेत."

"माझ्यावर राग हाय का?"

"नाय म्हणतेत."

मोनाली पदरात तोंड घालून रडायची, आणि मग तीच बोलत बसायची. सोमनाथ दाढी करताना काय गुणगुणायचा, रुसला की कसा पाठ फिरवून झोपायचा, सगळं. कूलरच्या ओल्या गवताच्या वासात हल्ली गाळाचा वास मिसळू लागला होता. तिला तोही हवाहवासा वाटायचा.

एके दिवशी श्रेया बसेचना.

"मम्मी, ते पप्पा नायेत."

"असं काय बोलतीस? मग कोण?"

"माहीत नाय. पहिल्यांदा त्याला नीट बोलताच येत नव्हतं. तू सांगतीस ना, तसं तसं ते म्हणून बघतंय... मी मॅडमकडं म्हणायचे तसं. आता बरोबर येतंय त्याला."

मोनालीनं झेप घेऊन बटण दाबलं. पाती मंदावली, थांबली. खोलीत चिडीचूप झालं. श्रेयाची मान मात्र कललेलीच होती.

"मम्मी... पप्पा तुला लाडानं काय म्हणायचे, विचारतंय. तेवढंच राहिलंय म्हणतंय..."

मोनालीनं तोंडावर हात दाबला. वर्षभर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. एकदा, फक्त एकदाच ती हाक ऐकायला जीव तहानला होता.

तळहाताखाली तिचे ओठ हलू लागले.